पायवाट सोपी आहे

आमच्या शेजारच्या मावशी रोपवेच्या खालच्या स्टेशनवर दारं लावायचं काम करायच्या. हे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला हसू येतं. मावशींनाही यायचं. काकांचं बाजारात कुलूप-किल्ल्यांचं टपरीवजा दुकान, त्यामुळे मावशी म्हणायच्या, "आमच्या घरात मी दारं लावते आणि हे उघडतात, म्हणून संसार चाललाय."

पण काम हसण्यासारखं नव्हतं. समुद्रातून उठून एकदम ताठ उभा राहिल्यासारखा आमचा डोंगर. माथ्यावर गेलं की तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. ते बघायला लांबलांबून माणसं येतात. खालच्या स्टेशनात मोठं चाक फिरतं, त्याला वळसा घालून एकेक पाळणा सावकाश फलाटावर येतो. आतली माणसं उतरवायची, नवी चढवायची, म्हाताऱ्यांना हाताला धरायचं, पोरांना गप्प बसवायचं, दार ओढायचं, खिट्टी बसली का ते हिसका देऊन बघायचं आणि दारावर थाप मारून काचेच्या खोलीतल्या माणसाकडे नजर टाकायची. तो माणूस यंत्र चालवायचा. डोळ्याची पापणी न हलवता दिवसभर काट्यांकडे बघत बसायचा, म्हणून त्याला सगळे घुबड म्हणायचे. तोही ओ द्यायचा.

फलाटाच्या भिंतीवर एक लाल बटण होतं. कामावर घेताना साहेबांनी सगळ्यांना एकच गोष्ट बजावली होती: ज्याला शंका येईल त्याने आधी बटण दाबायचं आणि मग विचारायचं. मावशींनी इतक्या वर्षांत ते फार तर चार वेळा दाबलं असेल, तेही कुणाचा पदर नाहीतर पिशवीचा पट्टा दारात अडकला म्हणून.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी सुट्टी होती आणि रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. सकाळपासून समुद्राकडून वारा होता. काचेच्या खोलीत वाऱ्याचा काटा असतो. हिरव्यात असला की बिनघोर, पिवळ्यात आला की लक्ष ठेवायचं, लाल गाठला की सगळं आपोआप थांबतं. काटा पिवळ्यात होता. वरून एक रिकामा पाळणा डुलत डुलत आला आणि फलाटात शिरताना कडेच्या लोखंडी पट्टीला टण्णकन लागला. निदान मावशींना तसं ऐकू आलं. पुढच्या पाळण्यात चढायला एक आई दोन मुलांना घेऊन पाऊल उचलूनच उभी होती. मावशींनी बटण दाबलं.

चाक थांबलं. साहेब धावत आले. वयाने तरुण, पण माणूस शांत.

"काय झालं मावशी? काटा पिवळ्यातच आहे."

"पाळणा पट्टीला लागला, साहेब. आवाज आला मला."

"घुबडा, तू ऐकलास?"

"काचेआड काय ऐकू येणार?" घुबड म्हणाला. "पण त्या म्हणतायत तर असेल."

साहेबांनी क्षणभर रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावतो. तो बघेपर्यंत बंद."

मग काय, रांगेत एकच गलका. कुणी म्हणालं, आमची परतीची बस आहे. कुणी म्हणालं, एवढासा वारा सोसत नाही तर धंदा कशाला काढलाय. एका गृहस्थांनी मावशींच्या तोंडावरच सांगितलं, "बायकांच्या हाती बटणं दिली की असंच व्हायचं." मावशी रोज दारं लावत असल्या तरी तोंड उघडं ठेवणाऱ्यांतल्या. पण त्या दिवशी त्या गप्प राहिल्या. आवाज खरंच आला होता की भास झाला, याची त्यांनाच आता खात्री वाटेना.

रांगेत अगदी पुढे एक आजोबा होते. बसमध्ये कंडक्टर होते, आता घरी बसलेले. सोबत त्यांची मुलगी, चाळिशीची, चष्मा लावणारी, शिवणकामाचे वर्ग घेणारी. लोक खेकसत होते तेव्हा हे आजोबा मात्र मावशींकडे बघून हसले.

"बोलू द्या हो त्यांना. घंटी मारली की शिव्या खाव्या लागतात. माझा सगळा जन्म त्यात गेला."

मावशींना धीर आला. मुलगी तिकिटाच्या खिडकीवर चौकशीला गेली, तेवढ्यात आजोबा मावशींशी बरंच काही बोलले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "पायी जायला वाट आहे म्हणतात. कशी आहे?"

हा प्रश्न मावशींना रोज कुणी ना कुणी विचारायचं आणि त्यांचं उत्तर पाठ होतं. "सोपी आहे," त्या म्हणाल्या. "झाडांची सावली आहे, वाट रुंद आहे. गप्पा मारत गेलात की कधी पोचलात ते कळायचंसुद्धा नाही."

मुलगी परत आली ती वैतागूनच. कधी सुरू होईल ते कुणी सांगेना. आजोबा तिला म्हणाले, "अगं, बाई म्हणतायत वाट सोपी आहे. इथे ताटकळण्यापेक्षा चल, जाऊ चालत." मुलीने त्यांच्याकडे जरा शंकेने बघितलं, पण ते पुढे निघालेसुद्धा. जाताना त्यांनी मावशींना हात केला.

दुरुस्तीवाला आला, शिडी लावून चढला, पट्टी चाचपली, पाळणा हाताने हलवून पाहिला. पट्टी जराशी वाकलेली निघाली. आजची की जुनी, ते त्याला सांगता येईना. त्याने ती ठोकून सरळ केली. दरम्यान वाराही पडला. रोपवे सुरू झाला, रांग हलली, मघाशी ओरडणारी माणसं हसत हसत पाळण्यात बसली आणि मावशी पुन्हा दारं लावायला लागल्या.

ऊन कलायला लागलं असेल तेव्हा वरच्या स्टेशनवरून फोन आला. घुबडाने काचेच्या खोलीचं दार उघडून हाक मारली. तो खोली सोडून सहसा उठत नसे.

"वाटेवर एक म्हातारे गृहस्थ कोसळलेत. वरच्या दुकानवाल्यांनी उचलून स्टेशनात आणलंय. पाळण्यातून खाली पाठवतायत. फलाट मोकळा करा."

पाळणा आला. दार उघडायचं काम मावशींचंच होतं. आत मुलगी खाली बसली होती आणि आजोबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्यांच्या एका पायात बूट होता, दुसरा बूट मुलीने हातात घट्ट धरला होता. रुग्णवाहिकेचा गाडीवाला आणि त्याचा साथीदार स्ट्रेचर घेऊन आत शिरले. त्यांनी नाडी बघितली, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांच्या हालचालीतली घाई एकदम गेली. ते बघून मावशींना काय ते समजलं.

मुलगी बाहेर पडताना मावशींजवळ थांबली. ओरडली नाही, रडलीही नाही. हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, "सोपी आहे म्हणालात ना तुम्ही?"

ते मावशींशिवाय कुणीही ऐकलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस जो तो मावशींची समजूत घालत होता. साहेब म्हणाले, "तुम्ही बटण दाबलंत ते योग्यच होतं. पट्टी वाकलेली होती. काही भलतंच झालं असतं तर?" घुबड म्हणाला, "मीसुद्धा दाबलं असतं." गल्लीतल्या बायका म्हणाल्या, त्यांची वेळच भरली होती, तुम्ही निमित्त. आम्हीही तेच म्हटलं. मावशी मान हलवायच्या आणि जेवणाचं ताट तसंच सरकवून ठेवायच्या.

शेवटी एका संध्याकाळी काका चिडले. दुकानातून दमून आले होते, भाजी गार झाली होती आणि मावशी खिडकीशी बसल्या होत्या. भिंती पातळ, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"किती दिवस चालणार हे? बटण दाबलंस ते बरोबर केलंस. सगळे सांगतायत, साहेब सांगतायत..."

"बटणाचं कोण बोलतंय?" मावशी एकदम म्हणाल्या. "बटणाचं मी एकदा तरी नाव काढलंय का?"

पलीकडे काकांनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वाट सोपी आहे म्हणाले मी त्यांना. सावली आहे म्हणाले. तुम्हीच सांगा, मी त्या वाटेने कधी गेलेय का? एकदा तरी?"

नव्हत्याच गेल्या. आमच्यापैकी तरी कोण गेलं होतं? डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढणारी माणसं डोंगर चढत नाहीत, तो पाहुण्यांना दाखवायचा असतो. मावशींचे गुडघे तर आधीपासूनच कुरकुरणारे. वर जायची वेळ आली तर त्या पाळण्यातून जायच्या. वाट सोपी असल्याचं त्यांना कामावर लागल्या तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, त्या ते पुढच्या प्रत्येकाला सांगत आल्या होत्या. ऐकीव गोष्ट रोज सांगितली की ती आपलीच होऊन बसते.

"मग आता काय करणार?" काकांनी विचारलं.

"चढून बघणार."

"त्या गुडघ्यांनी?"

"हेच आहेत माझ्याकडे."

रोपवे आठवड्यातून एक दिवस डागडुजीसाठी बंद असतो. त्या दिवशी मावशी पाण्याची बाटली आणि काकांची जुनी छत्री काठीसारखी धरून एकट्याच निघाल्या. काका सोबत येतो म्हणाले, त्यांना त्यांनी दुकानावर पिटाळलं.

सुरुवातीची वाट खरोखर सोपी होती. रुंद, मातीची, दोन्ही बाजूंना झाडं, बसायला बाकं. मावशींना वाटलं, मी काही खोटं बोलले नव्हते. एका बाकावर बसून त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी जरा मोकळा श्वास घेतला.

मग वाट वळली आणि डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला आली. झाडं संपली. पुढे नुसता कातळ, त्यात खोदलेल्या गुडघाभर उंच पायऱ्या, कठडा अर्ध्या ठिकाणी होता आणि अर्ध्या ठिकाणी नव्हता. ऊन डोक्यावर, वारा अंगावर. पाऊल टाकायचं तर एका हाताने कातळ धरावा लागे. पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. त्या वळणावरून वरचं स्टेशन दिसतं, आणि ते इतकं जवळ वाटतं की आता आलोच, आणखी जरा चढलं की झालं, असं वाटून माणूस परत फिरत नाही. मावशीही फिरल्या नाहीत. थांबत, धापा टाकत, काही पायऱ्या तर बसून सरकत त्या चढत राहिल्या. दर वेळी मान वर करावी तर स्टेशन आहे तिथेच.

वरच्या अंगाला एक थंड सरबत विकणारा भेटला. त्याने न विचारताच त्यांना सावलीत बसवलं.

"मावशी, तुम्ही खालच्या ना? दारं लावता त्या?"

"हो. ते आजोबा कुठे बसले होते?"

त्याने बोटाने दाखवलं. एक सपाट दगड होता, बस्स. तिथून समुद्र इतका सुंदर दिसत होता की मावशींना त्याचा राग आला. पुढे आम्हाला त्यांनी हे सांगितलं तेव्हाही त्यांच्या आवाजात तो राग होता. "मेलं काय ते पाणी चमकत होतं," त्या म्हणाल्या.

उतरताना त्यांची दशा झाली ती वेगळीच. दोन दिवस कामावर जाता आलं नाही. काकांनी पाय चेपले, तेल गरम करून दिलं आणि एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "मला त्या मुलीचा पत्ता हवाय."

रुग्णवाहिकेचा गाडीवाला काकांचं गिऱ्हाईक होता, गाडीच्या किल्ल्या हरवण्यात पटाईत. त्याला गाव आणि गल्ली ठाऊक होती.

मावशी बसने गेल्या. गाव मोठं होतं, गल्ली अरुंद. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत शिवणयंत्रं ओळीने मांडलेली, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, भिंतीवर कागदी नमुने टाचलेले. मुली शिकत होत्या. शिक्षिका एकीला कात्री कशी धरायची ते दाखवत होती. तिने वर बघितलं आणि मावशींना ओळखलं. कात्री खाली ठेवून ती मुलींना म्हणाली, "आज एवढंच. उद्या या."

मुली गेल्या. खोलीत दोघीच राहिल्या.

"तुमच्या साहेबांनी पाठवलं?" तिने विचारलं.

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"मग?"

मावशींनी बसमध्ये सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मी ती वाट कधी चढले नव्हते. बाबांना सोपी आहे म्हणाले, ते ऐकीव होतं. मला माहीत नव्हतं. हे तुम्हाला सांगायला आले."

मुलगी जवळच्या यंत्राचं चाक हाताने पुढेमागे फिरवत राहिली. सुई खालीवर होत होती, खाली कापड नव्हतं.

"आता चढलात?"

"हो. याच आठवड्यात."

"कशी आहे?"

"अवघड आहे."

"मला माहितीये कशी आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अर्ध्यावर मी बाबांना म्हटलं होतं, परत फिरू या. ते म्हणाले, बाई रोज तिथे असतात, त्यांना माहीत असणार. उगीच नाही सांगणार त्या."

मावशी तिथल्या स्टुलावर बसल्या.

"हे सांगून तुम्हाला बरं वाटेल," मुलगी म्हणाली. "मला काय वाटेल?"

"म्हणून तर इतके दिवस आले नाही."

"मग आज का आलात?"

"राहवेना."

ती यंत्रापासून बाजूला झाली. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, पेला भरला आणि मावशींसमोर ठेवला. बाहेरून हातगाडीवाला ओरडत गेला.

मग मुलीनेच विचारलं, "मी खिडकीवर गेले होते, तेव्हा बाबा तुमच्याशी काय बोलत होते? हसत होते ते. मला लांबून दिसलं."

मावशी घुटमळल्या. ते सांगावं की नाही, त्यांना कळेना. पण खरं सांगायला म्हणून एवढ्या लांब आल्यावर त्यातलं अर्धं ठेवून घेणं त्यांना बरं वाटेना.

"तुमच्याबद्दल बोलत होते. म्हणाले, डोंगराचं मला काही वेड नाही. पण ही आमची पोरगी, तिची आई गेल्यापासून यंत्रासमोरून उठत नाही, कुठे जात नाही, कुणात मिसळत नाही. स्वतःसाठी चल म्हटलं तर हलायची नाही. म्हणून मीच हट्ट धरला, की मरायच्या आधी मला तो डोंगर बघायचाय. म्हणजे माझ्यासाठी म्हणून तरी तिला चार घटका वारा लागेल. आणि म्हणाले, बघा कशी फसली."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. चष्म्यामागे तिचे डोळे मोठे झाले.

"मला उंचीची भीती वाटते," ती म्हणाली. "लहानपणापासून. जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं. बाबांना डोंगर बघायचाय म्हणून मी..."

तिला हसू फुटलं. विचित्र, खोकल्यासारखं हसू. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. यंत्रावर डोकं टेकवून ती हमसून हमसून रडली. मावशी उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या, पण ठेवला नाही. तो हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. त्या तशाच शेजारी उभ्या राहिल्या.

ती शांत झाल्यावर मावशी निघाल्या. मुलगी दारापर्यंत आली.

"पुन्हा येऊ नका," ती म्हणाली. "रागाने नाही म्हणत. म्हणजे राग आहे, पण त्यासाठी नाही. तुम्हाला बघितलं की मला ते पाळण्याचं दार उघडताना दिसतं."

"नाही येणार," मावशी म्हणाल्या.

"आणि ते सांगितलंत, ते बरं केलंत. की वाईट केलंत, मला अजून कळत नाहीये."

"मलाही नाही," मावशी म्हणाल्या आणि बसच्या थांब्याकडे चालू लागल्या.

त्या घरी आल्या तेव्हा काका दुकान लवकर बंद करून ओट्यावर वाट बघत बसले होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मावशी चपला काढता काढता म्हणाल्या, "पाणी दिलं." काकांनी ताटं घेतली. मावशी पोटभर जेवल्या की नाही, ते भिंतीपलीकडून कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना वाटेबद्दल सगळं सांगितलं, कुठवर झाडं आहेत, कुठून कातळ लागतो, कुठे कठडा नाही ते. साहेबांनी वळणाच्या अलीकडे पाटी लावली: पुढे चढ अवघड आहे, दम लागणाऱ्यांनी परत फिरावं. काही जण ती वाचून फिरतात. बरेच जण तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. मावशींनी आणखी काही वर्षं दारं लावली आणि मग गुडघ्यांनी पुरता संप केला तेव्हा घरी बसल्या. मुलीची पुन्हा काही खबर आली नाही आणि मावशींनी काढली नाही.

आताशा त्या बोलायला तुटक झाल्यात असं नव्या शेजाऱ्यांना वाटतं. काहीही विचारा, आधी "मला माहीत नाही" हे येणार. परवा मी सहज विचारलं, सुट्टीच्या दिवशी स्टेशनकडे जाणारी बस असते का हो? ही बस त्यांच्या दारावरून जाते. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या. तर काठी घेऊन उठल्या, भर उन्हात कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत गेल्या, तिथे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारलं आणि परत येऊन धापा टाकत सांगितलं, "आहे. पण दुपारची नाही."